मध्यस्थीत मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण नुकतंच संपलं आणि तालुक्याच्या कोर्टातून पहिलंच प्रकरण आलं ते मुलीच्या ताब्याचं. नवरा-बायको दोन वर्षं वेगळे राहतात. सात वर्षांची मुलगी आईकडे आहे आणि वडिलांना महिन्यातून दोन रविवार तिला आपल्या घरी न्यायचं आहे. पहिल्या बैठकीनंतर आईने तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगी तिकडे जायला घाबरते. माझा दीर त्या घरात असतो, तो मला बरोबर वाटत नाही." वडील म्हणतात, हे सगळं मुलीला पढवलेलं आहे. मध्यस्थी पुढे न्यायची का, प्रकरण कोर्टाकडे परत पाठवायचं का, आणि आईने खासगीत सांगितलेलं गोपनीय ठेवायचं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

आधी घाईचं सांगते. पुढच्या रविवारची भेट त्या घरी ठरवू नका, तात्पुरतीसुद्धा नाही. वडिलांनी कितीही आग्रह धरला आणि आईनेही "बघू, एकदा पाठवून बघते" म्हटलं, तरी तुमच्या टेबलावर ते ठरता कामा नये. आईच्या बोलण्याचा नेमका अर्थ तुम्हाला कळेपर्यंत त्या घराचा विषय बाजूला राहू दे.

आता मूळ मुद्दा. प्रशिक्षणात आपल्याला तटस्थता शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण ती तटस्थता आई आणि वडील यांच्यापुरती असते. मूल सुरक्षित आहे की नाही, या बाबतीत मध्यस्थाने तटस्थ राहायचं नसतं. गेली वीस-बावीस वर्षं मी कौटुंबिक प्रकरणांत मध्यस्थी करते. आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मूल कुणाकडे किती दिवस राहील, शाळेची फी कोण भरेल, गणपतीत ते कुठे असेल, दिवाळीत कुठे, या सगळ्यावर देवाणघेवाण होऊ शकते. मुलाला मारायचं की नाही, ज्याची मुलाला भीती वाटते त्याच्याबरोबर त्याला एकटं ठेवायचं की नाही, यावर होत नाही. "आठवड्यातून एकदाच जाईल, मग काय बिघडतं?" ही तडजोड वाटते खरी, पण त्यात आईवडील दोघंही आपल्या मालकीची नसलेली गोष्ट देऊन टाकत असतात.

म्हणून बैठकीच्या सुरुवातीला आपण जे निवेदन करतो, त्यात माझी काही वाक्यं ठरलेली आहेत. तुम्ही पहिल्या बैठकीत ती सांगितली नसतील तर पुढच्या बैठकीत सांगा, उशीर झालेला नाही. मी साधारण असं म्हणते: "तुम्ही इथे जे बोलाल ते मी बाहेर नेणार नाही, न्यायाधीशांनाही सांगणार नाही. मात्र मुलाला कुणी इजा केली आहे, त्याच्याशी वाईट वागलं आहे किंवा तसं होण्याची भीती आहे असं माझ्या कानावर आलं, तर ते मला गुपित ठेवता येणार नाही. कायद्यानेही येत नाही आणि मलाही ठेवायचं नाही. हे आत्ताच सांगते, म्हणजे नंतर फसवणूक झाली असं कुणाला वाटायला नको." हे दोघांना समोरासमोर सांगायचं आणि मग प्रत्येकाला वेगळं बसवून पुन्हा सांगायचं. हे ऐकून लोक बोलायचे थांबतील अशी भीती मलाही सुरुवातीला वाटायची. माझा अनुभव उलटा आहे. ज्या आईला सांगायचं असतं ती या वाक्यानंतर सांगते, कारण ऐकल्यावर काहीतरी करणारं माणूस समोर बसलं आहे हे तिला कळतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही वकील आहात. 2012 च्या पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याचं कलम 19 "कोणतीही व्यक्ती" असं म्हणतं. अठरा वर्षांखालच्या मुलाविरुद्ध लैंगिक गुन्हा घडल्याची माहिती असेल, किंवा तसा घडेल अशी धास्ती वाटत असेल, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मध्यस्थाला यातून सूट नाही. 2023 च्या मध्यस्थी कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू केली जात आहेत. त्या कायद्यातही कौटुंबिक हिंसा आणि बालकाचा छळ यांबद्दलच्या माहितीला गोपनीयतेचं संरक्षण दिलेलं नाही. मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं हे 2015 च्या बाल न्याय कायद्यात येतं. मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा प्रश्न बाल कल्याण समितीपुढे जातो. समितीचे अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि त्यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या खंडपीठाचे अधिकार आहेत. समिती म्हणजे आणखी एक समुपदेशन केंद्र असं अनेक वकिलांनाही वाटतं. ते खरं नाही.

आता "तो मला बरोबर वाटत नाही" या वाक्याकडे येऊ. त्याचे दहा अर्थ होऊ शकतात. दीर दारू पिऊन आरडाओरडा करत असेल. जावांचं भांडण असेल. दिराने या बाईवर पूर्वी हात टाकला असेल आणि ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नसेल. किंवा मुलीने काहीतरी सांगितलं असेल. तेव्हा आईला पुन्हा एकटीला भेटा, शक्यतो एखाद्या महिला सहकाऱ्याबरोबर, आणि साधं विचारा: "बरोबर वाटत नाही म्हणजे काय झालं? तुम्ही स्वतः काय पाहिलं? मुलगी काही म्हणाली का? तिच्याच शब्दांत सांगा." मग थांबा. मधली शांतता भरून काढू नका. "त्याने हात लावला का?" असं तुमच्या तोंडून गेलं की पुढचं सगळं उत्तर तुमच्या शब्दांवर उभं राहतं.

आईने मुलीचे शब्द सांगितले आणि त्यात स्पर्शाचं, कपड्यांचं, "कुणाला सांगू नको"चं काही आलं, तर मध्यस्थी त्याच क्षणी थांबवायची. आईचं वाक्य जसंच्या तसं, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. दिराने खरंच काही केलं का हे शोधणं तुमचं काम नाही. वडिलांना बोलावून "तुमच्या भावाबद्दल असं ऐकू आलंय" म्हणून विचारूही नका. पोलिसांना कळायच्या आधी त्या घरात कळलं, तर मुलीला आणि आईला जो त्रास होईल त्याला तुमचा प्रश्न कारण ठरेल. आधी कळवायचं. 1098 या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन लागतो, पण तुम्ही वकील आहात. आईबरोबर ठाण्यात जाणं किंवा लेखी कळवणं तुम्हाला जमण्यासारखं आहे. आई त्या वेळी हमखास म्हणते, "नको हो मॅडम, उलट माझ्यावरच केस होईल." तिला सांगा की खोट्या तक्रारीची शिक्षा छळण्यासाठी किंवा बदनामीसाठी मुद्दाम केलेल्या तक्रारीला आहे, प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीला नाही. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला मोकळं वाटेल तिथे घ्यायचा असतो, होईल तितकं महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशाशिवाय. एवढं नीट समजावलं तरी आईचा धीर बराच वाढतो.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तुम्ही ती करू नये. सुरुवातीच्या वर्षांत एका आठ वर्षांच्या मुलाशी मी बोलत होते. शेजारच्या एका मोठ्या मुलाबद्दल तो काहीतरी अर्धवट बोलला. मला इतकी काळजी वाटली की मी चार वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं: कुठे, कसं, किती वेळा, दार बंद होतं का. चौथ्या वेळेपर्यंत त्याच्या उत्तरात माझ्या प्रश्नांतले शब्द यायला लागले होते. पुढे कोर्टात उलटतपासणीत नेमकं तेच धरलं गेलं की हे शब्द मुलाचे नाहीत. माझा हेतू चांगला होता, पण त्याने मुलाचं भलं झालं नाही. तेव्हापासून मूल आपणहून काही बोललं तर मी एवढंच म्हणते: "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. मी आता हे अशा माणसांना सांगणार आहे ज्यांचं काम तुला मदत करणं आहे." पुढचं विचारणं ज्यांना ते शिकवलेलं असतं त्यांचं.

समजा आईच्या बोलण्यातून असं काही निघालं नाही. दीर पितो, त्या घरात रात्री भांडणं होतात, एकदा भांडी फेकली गेली आणि तेव्हापासून मुलगी रडते, असं निघालं. हे किरकोळ नाही, पण इथे मध्यस्थी होऊ शकते आणि चांगली होऊ शकते. यावेळी वडिलांना वेगळं बसवा. आईने खासगीत सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय उघड करू नका. मी अशा वेळी वडिलांना आरोपाविषयी काहीच विचारत नाही. "मुलगी तुमच्याकडे आली की पहिला अर्धा तास काय करते?" असं विचारते. बरेच वडील प्रामाणिक असतात. "कोपऱ्यात बसते," "आईला फोन लाव म्हणते," असं सांगतात. मग मी विचारते, "तिला तिथे मोकळं वाटावं म्हणून तुम्हाला काय करता येईल?" इथून बोलणं पुढे सरकतं. पढवलेलं आहे की नाही या प्रश्नावर मात्र ते तासन्‌तास तिथेच राहतं. अशाच दिराच्या एका प्रकरणात वडिलांनी स्वतःच सांगितलं होतं, "आमच्या घरी नको मॅडम, माझ्या बहिणीकडे भेटतो. तिच्या मुली हिच्याच वयाच्या आहेत." आईला ते चाललं. सहा महिने आत्याच्या घरी भेटी झाल्या आणि दिराचं नाव करारात कुठेच घालावं लागलं नाही.

"पढवलेलं आहे" या आरोपाबद्दल एवढंच म्हणेन की तो निकाली काढायच्या फंदात पडू नका. आईवडील मुलाचं मन कलुषित करतात हे खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलाची खरी भीती "पढवलेली" म्हणून मोडीत काढली जाते, हेही पाहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये एका ताबा प्रकरणात बजावलं आहे की पालकावर असा शिक्का घाईने मारू नये, प्रत्यक्ष वागणुकीचे प्रसंग तपासावेत. न्यायाधीशांना जर इतका सावधपणा सांगितला आहे, तर दोन बैठका घेतलेल्या मध्यस्थाने मत बनवणं फारच झालं.

मुलीशी तुम्ही बोलावं का? सात वर्षांच्या मुलीशी, या टप्प्यावर, माझं उत्तर नाही असं आहे. कौटुंबिक न्यायालय असतं तर तिथल्या विवाह समुपदेशकांकडे हे काम गेलं असतं. तुमच्या तालुक्यात ती सोय नसेल तर न्यायाधीशांकडे तशी विनंती करा. मी स्वतः साधारण दहाच्या पुढच्या मुलांशी बोलते, तेही दोन्ही पालकांनी आणि मुलाने हो म्हटल्यावर. काळा कोट उतरवून ठेवते. ज्या बाकावर आईवडिलांची भांडणं झाली त्या खोलीत बसवत नाही. आणि "तुला आईकडे राहायचंय की बाबांकडे?" हा प्रश्न मी आजवर एकाही मुलाला विचारलेला नाही. त्याचं उत्तर देताना मुलाला कुणाशी तरी बेइमान व्हावं लागतं. मी विचारते, "रविवारी सकाळी उठल्यावर काय काय करतोस?" "ताप आला की जवळ कोण बसतं?" "दोन्ही घरांत एक गोष्ट बदलायला दिली तर काय बदलशील?" बारा वर्षांच्या एका मुलीने या शेवटच्या प्रश्नावर सांगितलं होतं: "बाबांकडे बाथरूमच्या दाराला कडी नाही." त्यामागे काही वाईट घडलेलं नव्हतं, घर जुनं होतं. पण ती मोठी होत होती आणि हे सांगायला तिला कुणी नव्हतं. वडिलांनी त्याच संध्याकाळी कडी बसवून घेतली. भेटींचा तीन महिने अडलेला प्रश्न पुढच्या तारखेला सुटला.

मुलाने सांगितलेलं काय सांगू आणि काय नको, हे मी मुलालाच विचारते. पण "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. इथे एक निकाल लक्षात ठेवा. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आंतरराष्ट्रीय ताबा वादात म्हटलं की मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात मध्यस्थीच्या गोपनीयतेचा नेहमीचा नियम तसाच लागू होत नाही. मुलाच्या हितासाठी न्यायालयासमोर सगळी माहिती असायला हवी, आणि समुपदेशकाचा अहवाल न्यायालय पाहू शकतं. तेव्हा मुलाला दिलेलं वचन मोडायची वेळ तुमच्यावर येऊ शकते. न दिलेलं बरं.

आता आपल्याकडच्या खऱ्या अडचणीबद्दल लिहिते, आणि थोडं जास्त लिहिते. तुमच्या तालुक्यात तुमच्या आधी मध्यस्थी करणारे लोक आहेत: मामा, सरपंच, पोलीस पाटील, भावकीतले दोन जाणते. मुलीच्या बाबतीत काही झालं की बैठक बसते, "पोरीच्या नावाला बट्टा लागेल" म्हणतात, काही हजार रुपये ठरतात, कधी लग्न लावून टाकायचं ठरतं. मग दोन्ही बाजू तुमच्याकडे येतात आणि सांगतात, "मॅडम, आमचं मिटलंय, फक्त कागद करून द्या." हा कागद करून देऊ नका. पोक्सोखालचा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात मुलीच्या वडिलांशी समझोता झाला म्हणून गुन्हा रद्द झाला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न हा तर उपायच नव्हे, तो दुसरा गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी कळवा. आणि ताब्याच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने लिहिलेल्या अटींत, "पत्नी पोक्सोची तक्रार मागे घेईल" असं कलम कुणी घातलं, तर तिथेच पेन खाली ठेवा. "पोटगी सोडते, मुलगी माझ्याकडे राहू दे" हाही सौदा मी लिहून देत नाही. पोटगीतला मुलीचा वाटा मुलीचा असतो, तो आईने सोडायचा नसतो.

हीच भावकी दुसऱ्या बाजूने फार कामाचीही असते. आजी, आत्या, मावशी, शेजारच्या काकू: मुलाची ने-आण करताना मध्ये उभं राहणारं तिसरं माणूस कोर्ट नेमून देऊ शकत नाही, घर देऊ शकतं. न्यूझीलंडमध्ये 1989 च्या कायद्याने मुलांच्या संरक्षणाच्या प्रश्नांसाठी कुटुंब बैठकीची पद्धत आली. ती तिथल्या माओरी समाजाच्या रीतींवरून घेतली आहे. अधिकारी आधी काय धोका दिसतो ते सगळ्यांसमोर मांडतात, मग खोलीबाहेर जातात आणि घरची माणसं एकटीच बसून योजना करतात. धोका आहे की नाही, हे घरच्यांवर सोडलेलं नसतं. तो कसा टाळायचा, हे सोडलेलं असतं. हे वाचल्यापासून मीही दोन्हीकडच्या आजी-आजोबांना अर्धा तास एकटं बसवते. रडारड होते, जुनी उणीदुणी निघतात, आणि पुष्कळदा दाराबाहेर मला एक नाव सांगितलं जातं: "हिच्याकडे पोर सुरक्षित राहील."

असंच एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मराठवाड्यातला नऊ वर्षांचा मुलगा, आई वारलेली. वडील दुसऱ्या बायकोबरोबर ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, कोयता (ऊस तोडणारी जोडी) पुरा करायचा, म्हणून दिवाळीनंतर मुलालाही घेऊन गेले. फडावर तो धाकट्या बहिणीला सांभाळायचा आणि वाढं (उसाचे शेंडे) बांधायचा. पायाला जखम झाली, ती चिघळली, दवाखान्यातून बाल कल्याण समितीकडे प्रकरण गेलं. आईची आई म्हणाली, मी सांभाळते. वडील म्हणाले, माझा मुलगा आहे, कुणाला देणार नाही. समितीने मला दोघांशी बोलायला सांगितलं. मुलगा फडावर जाणार नाही, हे समितीने आधीच ठरवलं होतं, आणि मी पहिल्याच वाक्यात दोघांना ते सांगितलं. त्यावर बोलणं होणार नव्हतं. बोलणं झालं ते वडिलांच्या भीतीवर. दोन तासांनी ते म्हणाले, "एकदा आजीकडे राहिला की तो मला विसरेल. त्यांनी माझ्याविषयी त्याच्या मनात भरवलंय की मीच त्याच्या आईला मारलं." आजी गप्प बसली. मग म्हणाली, "बोलले मी तसं. रागात बोलले." ठरलं ते असं: हंगामात मुलगा आजीकडे, तिथल्याच शाळेत. रोज रात्री आठ वाजता वडिलांचा फोन, आणि फोन मामा लावून देईल. वडील फडावरून परतले की पाडव्यापासून शाळा सुरू होईपर्यंत मुलगा त्यांच्याकडे. आईच्या मरणाविषयी मुलासमोर कुणीही बोलायचं नाही. आजीसाठी बाल संगोपन योजनेचा अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षातून भरून घेतला; त्यात महिन्याला 2,250 रुपये मिळतात. समितीने हे सगळं तपासून आपला आदेश दिला. मध्यस्थीचा कागद हा आदेश नव्हता, हे वडिलांना दोनदा समजावून सांगावं लागलं.

तुमच्या प्रकरणातही करार झाला तर तो असाच बारकाईने लिहा. "वडील दारू पिणार नाहीत" याला करारात काही किंमत नाही. "भेटीच्या दिवशी दारूचा वास आला तर आत्या मुलगी ताब्यात देणार नाही, आणि ती भेट पुढच्या रविवारी होईल" हे पाळता येतं. भेट कुठे, किती ते किती, मुलगी आणणार कोण, पोचवणार कोण, त्या वेळी घरात कोण असेल आणि कोण नसेल, ताप आला तर काय, मुलगी नको म्हणाली तर काय. शेवटचं कलम बहुतेक करारांत नसतं आणि करार मोडतो तो तिथेच. मी लिहिते: "मुलगी जायला तयार नसेल तर ओढून न्यायचं नाही. आईने कारण न विचारता आत्याला फोन करायचा. सलग दोन वेळा असं झालं तर दोघांनी समुपदेशकांना भेटायचं." सुरुवातीच्या भेटी दिवसाच्या, रात्रीचा मुक्काम नाही. तीन महिन्यांनी फेरविचाराची तारीख आत्ताच घालून ठेवा. ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो, मूल वाढतं तशी त्याची गरज बदलते आणि न्यायालय आदेश बदलू शकतं. हे वडिलांना सांगितलं की आजच्या मर्यादित भेटी स्वीकारणं त्यांना सोपं जातं. दूर राहणाऱ्या पालकासाठी फोन आणि व्हिडिओ कॉलचीही वेळ ठरवा; 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा संपर्काला स्वतंत्र महत्त्व दिलं आहे.

वेळेबद्दल एक. तारखा लांबवू नका. मोठ्यांना तीन महिने म्हणजे दोन तारखा. सात वर्षांच्या मुलीला तीन महिन्यांत वडिलांचा आवाज परका वाटू लागतो, आणि मग ती भीती खरी की अंतराची, हे कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा तुमच्या तीन प्रश्नांचं उत्तर आईच्या दुसऱ्या भेटीवर अवलंबून आहे. ती भेट याच आठवड्यात घ्या, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लैंगिक छळाचं काही निघालं तर पोलिसांना कळवा. न्यायाधीशांना फक्त "हे प्रकरण मध्यस्थीस योग्य नाही, मुलीच्या भेटींबाबत न्यायालयाने आदेश करावा" एवढं लिहून फाईल परत पाठवा. अहवालात आईचं म्हणणं, दिराचं नाव, तुमचं मत यातलं काहीही घालू नका. तो कागद दोन्ही बाजूंचे वकील वाचतात, आणि मुलीचं नाव गावात पसरायला तेवढं पुरतं. दारू आणि भांडणंच निघाली, तर आईची परवानगी घ्या, वडिलांना वेगळं बसवा आणि मुलगी आली की पहिला अर्धा तास काय करते ते विचारा. आत्या कुठे राहते, तेही विचारून घ्या.